मोरोक्कोतली बाकडी

गॅटविक विमानतळावर बॅगांच्या पट्ट्यापाशी मधुमतीला उभ्या उभ्या डुलकी लागली. ट्रॉलीच्या दांड्यावर कपाळ टेकलं आणि ती तशीच राहिली. नातीने कोपर ढोसलं तेव्हा जाग आली.

"आजी, तू झोपला! उभा राहून!"

"झोपले नव्हते ग. डोळे मिटले होते नुसते."

"घोडा पण असंच करते," सारा म्हणाली. नऊ वर्षांची पोर, जन्म केंब्रिजचा. मराठीत कोण पुरुष आणि कोण बाई याची तिला फिकीर नव्हती. पण आजीशी ती मराठीतच बोलायची, आणि तेवढ्यासाठी मधुमतीने तिचे शंभर गुन्हे माफ केले असते.

मोरोक्को एकदाचा संपला होता. कासाब्लांका, शेफशाउएन, फेस, मर्झुगाचं वाळवंट, मराकेश. ऑक्टोबरमध्ये साराच्या शाळेला हाफ-टर्मची सुट्टी, तेवढ्यात एवढा देश भाड्याच्या गाडीतून पिंजून काढायचा ही जावयाची, नीलची, हौस. टूर नको, गाइड नको, रस्ता विचारत विचारत जायचं. नील वर्षभर कॉम्प्युटरपुढे खुर्चीत बसतो, आणि खुर्चीत बसणाऱ्यांनाच सुट्टीत हाडं खिळखिळी करून घ्यायची असतात. मधुमतीची हाडं अडुसष्ट वर्षांची होती. रेडिंगमध्ये जनरल प्रॅक्टिस करून ती निवृत्त झाली होती. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला होता. आता तिला फक्त आपली गादी हवी होती.

खोटं. गादी गेली चुलीत. तिला दुसरंच काही हवं होतं, आणि ते मागायला उद्या सकाळपर्यंतचाच वेळ उरला होता.

कार पार्कच्या बसमध्ये ती म्हणाली, "मला इथल्या स्टेशनवरच सोडा. रेडिंगला सरळ ट्रेन आहे. तुम्हाला केंब्रिजला जायचंय, उगाच वळसा कशाला?"

"तुम्ही शुअर आहात ना, आई?" नील म्हणाला. "कारण तसं झालं तर ब्रिलियंट. एम-ट्वेंटीफाइव्हला रोडवर्क्स आहेत."

झालं. मधुमतीने खिडकीबाहेर बघितलं. बारीक पाऊस आणि ओळीने उभ्या केलेल्या गाड्या, मालक सुट्टीवरून परत यायची वाट बघणाऱ्या.

"काहीतरीच काय, नील," वरदा म्हणाली. "बॅगा घेऊन ही ट्रेनमध्ये चढणार कशी? आपण सोडू."

"त्याच म्हणाल्या ना पण."

"ती काहीही म्हणते."

वरदा मधुमतीची एकुलती एक मुलगी. हे बोलताना तिने आईकडे बघितलं नाही. मधुमतीच्या कानात मात्र ते वाक्य अडकून बसलं. ती काहीही म्हणते. म्हणजे हिला कळतं?

मधुमतीला जो रोग होता तो तिच्या एकटीचा नाही. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या घरात तो आहे. आपल्याकडे कुणी काही विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. पंगतीत पानावर आडवा हात धरायचा, पण बोटांत फट ठेवून. वाढणाऱ्याने म्हणायचं, घ्या हो, एकच. आपण म्हणायचं, अहो नको, पुष्कळ झालं. मग तिसऱ्यांदा त्याने त्या फटीतून जिलबी सोडायची आणि आपण कपाळाला आठ्या घालून ती संपवायची. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट. एकदाच विचारून ताट पुढे नेणारा चिकट. याला आपण संस्कार म्हणतो. कसले डोंबलाचे संस्कार? भूक आपली, आणि आर्जवं समोरच्याने करायची. त्याला तीनदा वाकायला लावायचं आणि वर आपण किती निरिच्छ म्हणून मिरवायचं.

मधुमती या कलेत मुरलेली होती. लग्नाला ती आधी नको म्हणाली होती, विलायतेला यायला नको म्हणाली होती, रेडिंगचं घर घ्यायलाही नको म्हणाली होती. रघुवीरने, तिच्या नवऱ्याने, दर वेळी इमानेइतबारे पुन्हा पुन्हा विचारलं. तो गेला आणि घरातलं विचारणारं माणूसच गेलं.

गंमत म्हणजे दवाखान्यात बाई अगदी उलटी होती. इंग्रज म्हातारे 'तक्रार काही नाही, डॉक्टर, चाललंय' म्हणत खुर्चीत बसले की ती पेन खाली ठेवायची. "मिस्टर हॅरिस, दुखतंय की नाही? एका शब्दात सांगा. बाहेर आणखी माणसं थांबलीयेत." आणि मिस्टर हॅरिस निमूटपणे हो म्हणायचे. दुसऱ्याच्या तोंडून हो काढायला तिला अर्धं मिनिट पुरायचं. स्वतःच्या तोंडून काढायला अडुसष्ट वर्षं पुरली नव्हती.

आणि मग जुलैमध्ये वरदाने तो प्रश्न विचारला.

रेडिंगच्या स्वयंपाकघरात बसून ती खरवस खात होती. केंब्रिजचा त्यांचा फ्लॅट विकला गेला होता. दोन घरं बघून ठेवली होती. एक शहराबाहेर खेड्यात, तळमजल्यावर खोली आणि लागून बाथरूम असलेलं. दुसरं स्टेशनजवळ, लहान, चिंचोळं, तळमजल्यावर फक्त बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर.

"आई," वरदा म्हणाली, "ती खालची खोली आहे ना, तिथे तू येशील राहायला? म्हणजे कायमची. आमच्याकडे."

या घरात मधुमतीला संध्याकाळी सहानंतर बोलायला कुणी नव्हतं. टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्या बाईला ती परवा 'हो का?' म्हणाली होती. स्वतःच दचकली होती. तिला जायचं होतं. धावत जायचं होतं.

"नको ग बाई," ती म्हणाली. "मी आपली इथे बरी आहे. तुमच्या संसारात माझी कशाला अडचण?"

असं म्हणून ती थांबली. पुढचं सगळं तिच्या मनात तयार होतं. आता वरदा म्हणेल, अडचण कसली, आई. मग आपण म्हणायचं, बघू, अजून हातपाय चालतायत. मग वरदा म्हणेल, ते काही नाही, सारा पण म्हणतेय. मग आपण सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, बरं बाई, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर.

"ओके," वरदा म्हणाली. "फेअर इनफ. विचारून ठेवावं म्हटलं." आणि तिने खरवसाची आणखी एक वडी उचलली.

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मधुमती दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होती. तो आला नाही. आला मोरोक्को. येतेस का म्हणून वरदाने फोनवर एकदाच विचारलं, मधुमतीने नको म्हटलं, आणि विषय संपला असता. पण साराने फोन हिसकावला. "आजी, तू येणार. का नाही येणार? येच. येच. येच." पोरं अजून शिकलेली नसतात, त्यांना नाही म्हटलेलं ऐकूच येत नाही. मधुमती हो म्हणाली आणि मनाशी ठरवलं की या प्रवासात, कुठल्या तरी गावी, मुलगी निवांत सापडेल आणि पुन्हा विचारेल.

गाडी एम-ट्वेंटीफाइव्हला लागली आणि दहा मिनिटांत थांबली. नारिंगी दिवे, बंद लेन, पुढे अक्राळविक्राळ लॉऱ्या. सारा आजीच्या दंडावर डोकं टाकून झोपली. मधुमती डोळे मिटून मोरोक्को बघू लागली. खरं सांगायचं तर मोरोक्कोतली बाकडी बघू लागली, कारण तिने त्या देशात मुख्यतः तेवढीच बघितली होती.

कासाब्लांकाला समुद्राच्या काठावर ती प्रचंड मशीद. "आई, आत येतेस? चालायचं खूप आहे." "नको, तुम्ही जाऊन या." "ओके." समोरच्या दगडी बाकावर तासभर. वारा असा की डोक्यावरचा स्कार्फ दोनदा उडाला आणि दोनदा एका पोलिसाने आणून दिला. शेफशाउएनला डोंगरउतारावर सगळं गाव निळं, भिंती निळ्या, पायऱ्या निळ्या. "आई, वरपर्यंत चढतोय आम्ही, जमेल तुला?" "मी बसते इथे. बॅगांकडे कुणीतरी हवं." "यू आर अ स्टार, आई." हॉटेलच्या बाहेर लाकडी बाकडं, शेजारी तीन मांजरं. मर्झुगाला तर तिने चंगच बांधला होता. या वेळी विचारलं की हो म्हणायचं. उंट समोर बसवलेले. वरदाने विचारलं, "आई, उंट?" आणि मधुमतीची जीभ, जन्माची बाटगी, म्हणाली, "मला मेलीला काय जमणार आता उंटबिंट?"

हे नाहीसुद्धा नव्हतं! कुठल्याही मराठी बाईने हे ऐकून तिला ढकलून उंटावर बसवली असती. नील म्हणाला, "नो वरीज, आई." उंट उठले. वाळूच्या टेकड्या आधी पिवळ्या होत्या, मग तांबूस झाल्या, मग विटकरी. त्या टेकड्यांमागे चार ठिपके गेले, तीन उंटांवरचे आणि एक चालणारा, उंटवाल्याचा. आजीने मातीच्या भिंतीला लागलेल्या बाकावर बसून हात हलवला. तिला इतका संताप आला होता की वाळूत थुंकावंसं वाटलं. थुंकली नाही. तेही जमायला हवं.

फेस मात्र वेगळं झालं, कारण तिथे बाकडंच मिळालं नाही.

फेसच्या जुन्या गावात गाडी शिरत नाही. गाढवं शिरतात, हातगाड्या शिरतात, आणि बोळ इतके अरुंद की समोरून ओझ्याचं गाढव आलं तर माणसाने भिंतीला चिकटायचं. नीलचा नकाशा दुसऱ्याच वळणाला हरला. तासभर चामड्याच्या वासातून फिरून चौघं जण पुन्हा त्याच तांब्याच्या भांड्यांच्या दुकानापाशी आली.

"इट्स ॲन ॲडव्हेंचर," नील म्हणाला.

"मला शूला जायची आहे," सारा म्हणाली.

त्यावर ॲडव्हेंचर संपलं. वरदाने समोरचं एक दार ठोठावलं. जाडजूड, हिरव्या झग्यातली बाई बाहेर आली, मधुमतीच्याच वयाची. पोरीच्या पायांची चुळबुळ बघून तिला भाषेची गरज पडली नाही. साराला आत नेलं, मागोमाग सगळ्यांना नेलं, गाद्यांवर बसवलं आणि चहा आणला. पुदिन्याचा, साखरेने घट्ट झालेला.

मधुमतीने छातीवर हात ठेवून मान हलवली. नको, नको. बाईने ऐकलं न ऐकल्यासारखं करून ओतला. मधुमतीने पुन्हा हात आडवा केला. बाईने तो हात चक्क बाजूला सारला, जरा रागावून काहीतरी बोलली, आणि ग्लास तिच्या बोटांत अडकवला. मग मधात बुडवलेली पोळीसारखी पापुद्र्यांची रोटी आली. मधुमतीने नको म्हटलं. बाईने तुकडा मोडून तिच्या तळहातावर ठेवला आणि समोर बसून राहिली, खाऊन होईस्तोवर. मधुमतीने नको म्हटलं, दुसरा तुकडा. दोघी म्हाताऱ्या असा खेळ खेळत होत्या की जणू एकाच आळीत वाढल्या. चौथ्या तुकड्याला मधुमतीचे डोळे भरून आले आणि तिने ते मधाच्या नावावर खपवले. "फार गोड आहे."

बोळात परत आल्यावर नील हसत सुटला. "आई, तुम्ही दर वेळी नो म्हणालात आणि सगळं संपवलंत! पहिल्यांदाच येस म्हणा ना. टाइम वाचेल."

सारा हसली. मधुमतीही हसली. वरदा हसली नाही. ती आईकडे बघत होती, चोरी पकडली गेल्यासारखी. मधुमतीला वाटलं होतं, पकडली गेले ती मी.

दुसऱ्या दिवशी मर्झुगाच्या वाटेवर, मिडेल्ट गावाच्या पुढे, ओसाड माळावर टायर फुटलं. नीलला चाकाचे नट सुटेनात. तो हाताने दाबून लालबुंद झाला.

"हाताने नाही. पान्यावर उभा राहा," मधुमती म्हणाली. "उभा राहून उडी मार."

"उडी?"

"मार रे. मोडलं तर मी आहे डॉक्टर."

नट सुटला. वरदा म्हणाली, "आई, हे तुला कुठून येतं?"

"वेल्समध्ये नोकरीला होतो तेव्हा. बाबांची गाडी दर आठवड्याला बसायची, आणि बाबा नुसते छत्री धरायचे."

"कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर म्हणाली असतीस, जाऊ दे ग, त्यात काय सांगायचं," वरदा म्हणाली आणि चाक ढकलत गेली. मस्करीतच म्हणाली. माळावर वारा घोंघावत होता, त्यामुळे पुढे बोलणं झालं नाही.

आणि आज सकाळी मराकेशला, हॉटेलच्या गच्चीवर नाश्ता करताना, नील संत्र्याचा रस ओतत म्हणाला, "सो, उद्या सोमवार. एजंटला फोन करायचा ना? स्टेशनजवळचंच फायनल?"

"हो," वरदा म्हणाली. "करू."

मधुमती पावाला लोणी लावत होती. ती लावतच राहिली. सगळीकडे नीट, कडेपर्यंत. वरदा एकदा तिच्याकडे बघेल असं वाटलं. वरदाने साराच्या कानात गेलेली वाळू काढायला घेतली.

"आई, जाग्या आहात?" नीलने आरशातून विचारलं. गाडी रेडिंगमध्ये शिरली होती. ऑफिसांच्या काचेच्या इमारती रविवारच्या म्हणून अंधाऱ्या, पुढे सुपरमार्केट, पुढे तिचा रस्ता. चार-साडेचारलाच उजेड मेल्यासारखा झाला होता.

"जागी आहे."

"एन्जॉय केलंत ना पण? खरं सांगा."

"हो. फार छान झालं सगळं," मधुमती म्हणाली. हे हो मात्र तिच्या तोंडून कसं लोण्यासारखं निघालं.

घरासमोर गाडी थांबली. सारा झोपलेली, म्हणून नील गाडीतच बसला. वरदाने बॅग उतरवली आणि आत आणली. घर गारठलं होतं. जाताना मधुमती बॉयलर बंद ठेवून गेली होती. दारामागे जाहिरातींच्या कागदांचा ढीग साचला होता, तो वरदाने पायाने सरकवला. स्वयंपाकघरात येऊन तिने दिवा लावला आणि बटण दाबून बॉयलर सुरू केला.

"दूध नसेल ना? आणून देऊ?"

मधुमती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. कोट अंगातच होता. बसली तर संपलं हे तिला ठाऊक होतं. बसली की ती म्हणेल, नको ग, जा तू, उशीर होईल.

"वरदा, ती खालची खोली."

"कुठली खोली?"

"खेड्यातल्या घरातली. जुलैमध्ये तू विचारलं होतंस. मी नको म्हणाले." तिने श्वास घेतला. "मला यायचंय."

वरदा बॉयलरपाशीच थांबली. "आई, मी इतकी दमलेय. आपण हे फोनवर—"

"मीही दमलेय. उद्या तुम्ही एजंटला सांगणार. आत्ताच बोल."

"तू नको म्हणाली होतीस."

"मी नेहमी नको म्हणते. तू याच घरात वाढलीस. तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस."

बाहेर गाडीचे वायपर चालू होते, तो आवाज आत येत होता.

"आज बसमध्ये तू नीलला काय म्हणालीस? ती काहीही म्हणते," मधुमती म्हणाली. "आणि फेसला त्या बाईकडून बाहेर पडल्यावर कशी बघत होतीस माझ्याकडे? तुला माहीत होतं."

"हो."

"जुलैमध्येसुद्धा?"

"जुलैमध्येसुद्धा." वरदाचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने मान खाली घातली नाही. "मला माहीत होतं तू नको म्हणशील. म्हणून एकदाच विचारलं. तू नको म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं, आई. गाडीत जाऊन रडले मी. बरं वाटलं म्हणून."

मधुमतीला वाटलं होतं, पोरगी इंग्रजांत वाढली, तिला आपली रीत कळत नाही. चार महिने तिने स्वतःची हीच समजूत घातली होती. पोरीला रीत कळत होती. आईपेक्षा चांगली कळत होती. आईने विणलेलं जाळं तिने उचललं आणि आईवरच टाकलं.

"का ग?" मधुमती म्हणाली. "मी काय खाटेला खिळलेली आहे? सैपाक करीन, साराला शाळेतून आणीन."

"ते सगळं करशील, माहितीये. पण रोज मला ओळखायला लागेल. आई, जेवलीस का? मी जेवले म्हणशील, आणि जेवलेली नसशील. आई, आमच्याबरोबर बाहेर येतेस? नको. मग ते खरं नको की खोटं नको? मी दिवसभर लॅबमध्ये राबून घरी येते तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं. मला नाही तीन-तीनदा विचारता येत. मी बाबा नाहीये."

"बाबांनी कधी कुरकुर केली नाही."

"तुझ्याकडे नाही केली." वरदाने ओठ आवळले, मग बोलूनच टाकलं. "हॉस्पिटलमध्ये, शेवटी शेवटी, ते मला म्हणाले, तुझ्या आईला पहिल्यांदा विचारलं की हो म्हणताना मी एकदा तरी ऐकायला हवं होतं. हसत म्हणाले. पण दमलेले होते ग ते."

हे मधुमतीला लागलं. तिला राग आला, मेलेल्या नवऱ्याचा आला, की चाळीस वर्षं गोड बोललास आणि जाता जाता पोरीकडे गाऱ्हाणं केलंस. मग तो राग सरळ स्वतःकडे वळला आणि तिथेच बसला. दुसरीकडे जायला त्याला जागाच नव्हती.

"मग तोंडावर सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"तू तोंडावर मागितलं होतंस?"

"नव्हतं. आता मागते." मधुमतीने खुर्ची सोडली. मिस्टर हॅरिसला विचारायची त्या आवाजात ती बोलली, फक्त आवाज जरा फाटला. "मला या घरात एकटीला राहवत नाही. मला तुमच्याकडे यायचंय. हो की नाही? एका शब्दात."

वरदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"नाही, आई."

मधुमतीच्या जिभेवर दुसरा प्रश्न आपोआप आला. खरंच नाही? असं काय करतेस? नाही म्हणजे नाही असं तिच्या हाडांनी कधी मानलंच नव्हतं. तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, चाळीस वर्षं माणसांच्या तोंडांकडे बघायची तसं. डोळे, ओठ, मानेची शीर. लेक थकली होती, घाबरली होती, रडत होती, आणि जे बोलली ते खरं बोलली होती. पुन्हा विचारलं तर ती हो म्हणेल, हेही मधुमतीला दिसलं. आणखी एकदाच. तेवढंच पुरे होतं. खोली मिळाली असती.

तिने विचारलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "उद्या एजंटला सांगून टाका मग. माणसांना लटकवून ठेवू नका."

"आई—"

"मी चिडलेय. चिडू दे मला. दोन-चार दिवस फोन करू नकोस." ती खुर्चीत बसली, आता बसली. "पण मी इथे अशी नाही राहणार. बातम्यांतल्या बाईशी बोलायला लागलेय मी. तुमच्याजवळ कुठेतरी, चालत येण्यासारखा, एखादा फ्लॅट बघ माझ्यासाठी. मला यात मदत हवीय तुझी. ही विनंती आहे, आणि हे मी एकदाच म्हणणार."

"बघते," वरदा म्हणाली. "शनिवारी येते मी. एकटी. बसून बघू."

"ये."

"नक्की ना?"

"ये म्हटलं की ये. आता नको ते सुरू करूस."

वरदाला हसू फुटलं, ते अर्ध्यात रडण्यात गेलं. तिने आईच्या डोक्यावर कपाळ टेकवलं, क्षणभर, आणि गेली. दार लागलं. गाडी मागे सरली, दिव्यांचा झोत स्वयंपाकघराच्या भिंतीवरून फिरला आणि रस्त्याला लागला. केंब्रिज अजून दोन तास.

रेडिएटर टकटक करत तापू लागले. मधुमतीला भूक लागली होती, पण घरात फ्रीझरमधल्या वाटाण्यांपलीकडे काही नव्हतं. नाही म्हटलेलं तिला दुखत होतं आणि ते दुखणं एका रात्रीत जाणारं नव्हतं. रडावं असं वाटलं. पण रडायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो. तिने बॅग आहे तिथेच राहू दिली, कठडा धरला आणि कोट घालूनच जिना चढू लागली.